आधीच्या शटडाऊनचा रेडिएशन डोस नव्या फॉर्मात लिहायचा की 'निल'? जुना कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही

विडीघरकुलचा_फिटर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, विडी घरकुलात राहतो. आयटीआयला फिटर ट्रेड केला. पहिली चार वर्षं साखर कारखान्यांत गेली. गाळप बंद झालं की बॉयलर आणि मिल उघडायची, दसऱ्याच्या आत परत बांधून द्यायची. तिथल्या एका फोरमनच्या ओळखीनं एका पेटी कॉन्ट्रॅक्टरकडं लागलो आणि त्यानं आम्हाला अणुवीज केंद्राच्या शटडाऊनला, म्हणजे केंद्र बंद ठेवून करतात त्या दुरुस्तीला नेलं. परराज्यात. केंद्राचं नाव टाकत नाही, उगीच नको.

दोनदा गेलो. पहिल्यांदा दोन वर्षांपूर्वी, दीड महिना. दुसऱ्यांदा यंदाच, गड्ड्याची जत्रा उरकली आणि निघालो, मार्च संपताना परत आलो. कामं आपली नेहमीचीच. व्हॉल्व्हचं पॅकिंग बदला, फ्लँज खोला, पाईपचे सपोर्ट आवळा. फरक एवढाच की छातीवर बिल्ला, खिशात पेन (दोन्ही किती रेडिएशन लागलं ते मोजायला), आणि बाहेर हेल्थ फिजिक्सचा, म्हणजे कामगारांच्या रेडिएशनवर लक्ष ठेवणारा माणूस घड्याळ बघत उभा. एका फ्लँजचे आठ बोल्ट होते. कारखान्यात मी एकटा ते चहाच्या आधी खोलतो. तिथं आम्ही चौघं लागलो. एकानं दोन बोल्ट ढिले केले की तो बाहेर, दुसरा आत. प्लॅस्टिकचा सूट, दोन-दोन हातमोजे, पान्याची पकडच कळत नाही. माझा एक बोल्ट अर्धा राहिला आणि बाहेरून हाक आली, "बाहेर या." तो अर्धा बोल्ट अजून डोक्यात आहे.

आता मुद्दा. नवीन कॉन्ट्रॅक्टरकडून दुसऱ्या केंद्राच्या शटडाऊनचं बोलावणं आलंय. फॉर्ममध्ये रकाना आहे: यापूर्वी रेडिएशनच्या जागी काम केलं का, केलं असल्यास टीएलडी (म्हणजे बिल्ल्याचा) नंबर आणि आजवरचा डोस. सुपरवायझर म्हणतो, "निल लिही बे. आधीचा दाखवलास की तेवढा वजा होणार, दिवस कमी भरणार. नवा माणूस म्हणून आलास तर पूर्ण शटडाऊन खाशील." रोज बरा आहे, वर ओव्हरटाइम. घरावर पत्रे टाकायचे आहेत, त्यामुळं दिवसांचा हिशोब मलाही कळतो.

जुन्या कॉन्ट्रॅक्टरकडं डोसचा कागद मागावा म्हणलं तर तो फोनच उचलत नाही. हाती काय आहे, तर एक खिशातली डायरी. रोज शिफ्ट सुटताना पेनवर जे दिसेल ते लिहायचो. पहिल्या वेळी ते उजेडाकडं धरून आतली रेघ बघायचं पेन होतं. त्याची बेरीज ३१२. दुसऱ्या वेळी आकडे दाखवणारी डबी दिली होती. तिची बेरीज १८४०. दोन्ही मिळून २१५२. आणि नेटवर वाचतो तर वर्षाला २० चालतात! त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू.

आई गेली तीस वर्षं विड्या वळते. तिच्याकडं ब्रँचचं पुस्तक आहे. कोणत्या तारखेला किती दिल्या, किती छाट गेली, सगळं मांडलेलं. तिला जेवताना सांगितलं तर म्हणाली, "मग तुझं पुस्तक कुठाय?" म्हणलं, बिल्ला तिथंच जमा केला. "म्हणजे मोजलं त्यांनी, आणि वही पण त्यांच्याकडंच?" मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक. आमच्यातला एक जण दुसऱ्या आठवड्यापासून आत गेल्यावर बिल्ला काढून लांबच्या पाईपला अडकवायचा, दिवस वाढावेत म्हणून. बोललो तर म्हणाला, "बिल्ल्याला लागलं नाही म्हणजे कागदावर लागलं नाही." तेव्हा हसण्यावारी नेलं.

तर माझा डोस नेमका कुठं लिहिलेला आहे, मला तो मिळतो का, आणि निल लिहिलं तर काय होतं? कुणी यातलं जाणकार असेल तर सांगा.

---

टाकळीकर_७७

इतकं काय त्यात? निल लिही आणि जा. पोटाच्या एका सीटी स्कॅनला याहून जास्त बसतं. माझा मुतखड्याचा दोनदा झालाय, मला कुणी फॉर्म भरायला लावला नाही. पत्रे महत्त्वाचे.

---

निवृत्त_एचपी

फिटर, आधी ते २१५२ खोड. ती बेरीज होत नाही. तू किलो आणि तोळे एकत्र मांडलेस.

मी १९८१ साली हेल्थ फिजिक्समध्ये लागलो, आता निवृत्त होऊन विजापूर रोडला राहतो. घड्याळ बघत उभा असलेला तो माणूस मीच समज, केंद्र वेगळं. रेघेच्या पेनची पट्टी ० ते २०० असते आणि ती मिलीरोंटजेनमध्ये. ढोबळमानानं १०० झाले की १ मिलीसिव्हर्ट, नोंदीतला डोस त्याच मापात असतो. म्हणजे तुझे ३१२ हे झाले ३.१ च्या आसपास. आकड्यांची डबी मायक्रोसिव्हर्टमध्ये दाखवते, तिथं १००० ला १ मिलीसिव्हर्ट. १८४० म्हणजे १.८४. दोन्ही मिळून ५ मिलीसिव्हर्टच्या आतबाहेर. नेटवरचे २० हे मिलीसिव्हर्टच आहेत. आता झोप.

डायरी ठेवलीस हे मात्र फार चांगलं केलंस. माझ्या अख्ख्या नोकरीत स्वतःचं रीडिंग स्वतः लिहिणारे ठेकेदारी कामगार मला बोटांवर मोजण्याइतके भेटले. पण पेन हे रोजच्या अंदाजासाठी असतं. आपटलं की रेघ सरकते. नोंदीला धरतात ते बिल्ल्यावरचं, म्हणजे टीएलडीचं.

त्या बिल्ल्यात ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन चकत्या असतात. कॅल्शियम सल्फेट, त्यात डिस्प्रोशियमचा अंश, आणि ते सगळं टेफ्लॉनमध्ये बसवलेलं. एका चकतीपुढं धातूचा पडदा, एकीपुढं प्लॅस्टिकचा, एक उघडी. त्यावरून कोणत्या जातीचं रेडिएशन होतं तेही कळतं. बसलेली ऊर्जा चकतीत अडकून राहते. महिना संपला की प्रयोगशाळेत त्यावर गरम नायट्रोजनचा झोत सोडतात, चकती उजेड देते, तो उजेड मोजतात. एकदा तापली की चकती कोरी. पुढं तोच बिल्ला दुसऱ्या कुणाच्या छातीवर. तेव्हा तुझा डोस आता बिल्ल्यात शोधू नकोस आणि कॉन्ट्रॅक्टरच्या कपाटात तर नकोसच. तो केंद्राच्या हेल्थ फिजिक्स युनिटच्या नोंदीत आहे. शिवाय देशभरातल्या रेडिएशन कामगारांच्या डोसची एक राष्ट्रीय नोंदवही भाभा अणुसंशोधन केंद्रात ठेवली जाते, तिला एनओडीआरएस म्हणतात.

तुझ्या आईनं विचारलेला प्रश्न नियमावलीतही आलेला आहे. अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम, २००४. त्यात मालकावर तीन गोष्टी टाकल्या आहेत. माणूस कामावर घेण्याआधी त्याच्या जुन्या मालकाकडून डोसची नोंद मागवायची. माणूस सोडून गेला आणि नव्या मालकानं मागितलं तर ती द्यायची. आणि कामगारानं मागितली तर, तसंच काम सुटताना, त्याची त्याला द्यायची. म्हणजे 'निल लिही' म्हणणारा सुपरवायझर तुझ्यावर उपकार करत नाहीये. त्याच्या बाजूनं करायचा पत्रव्यवहार तो वाचवतोय.

आता आधीचा डोस लागतो कशाला? मर्यादा माणसाला असते, गेटला नसते. आपल्याकडं एईआरबीनं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळानं, सलग ५ वर्षांत मिळून १०० मिलीसिव्हर्ट (सरासरी वर्षाला २०) आणि कुठल्याही एका वर्षात ३० हे कमाल ठेवलंय. ही ५ वर्षं सरकती धरतात. दर वर्षी मागची चार बघायची. मी लागलो तेव्हा वर्षाला ५ रेम, म्हणजे ५० मिलीसिव्हर्ट चालायचे. १९९० मध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं शिफारस खाली आणली, मग आपल्याकडंही उतरलं. आता समज, एखादा वेल्डर जानेवारीत एका केंद्रावर १८ घेऊन आला आणि जूनमध्ये दुसऱ्या गेटवर निल लिहून आणखी १८ घेतले. दोन्ही केंद्रांच्या वह्या स्वच्छ, आणि माणूस ३६ वर. वही माणसाच्या मागं फिरली नाही तर हे कुणालाच दिसत नाही.

तुझ्या बाबतीत हिशोब साधा आहे. दोन वर्षांपूर्वीचे ३, यंदाचे २. पाच वर्षांच्या १०० मध्ये आणि यंदाच्या ३० मध्ये ढीगभर जागा आहे. केंद्रं स्वतःच्या मर्यादा याहून बऱ्याच आत ठेवतात, त्यामुळं एखादा दिवस कमी होईलही, मी नाही म्हणत नाही. डोस भरलेल्या माणसाला गेटवरून परत पाठवताना मी आयाबहिणींवरून शिव्या खाल्ल्यात. त्याचा रोज बुडतो, माझा पगार चालू असतो. तो राग मला कधी चुकीचा वाटला नाही.

पण लपवायचं कुठवर? फुकुशिमाच्या साफसफाईच्या कामात डिसेंबर २०११ मध्ये एका उपकंत्राटदारानं कामगारांना डोसिमीटरवर शिशाचे पत्रे लावायला लावले होते. हेतू तुझ्या त्या पाईपवाल्या मित्राचाच. आणि जपानात तर कामगाराच्या नावानं रेडिएशनचं पासबुक असतं, जर्मनीतही असतं. अमेरिकेत त्यासाठी फॉर्म ४ आहे. तिथला एक नियम मला फार आवडतो: एखाद्या तिमाहीची नोंद मिळालीच नाही, तर ती शून्य धरायची नाही. वर्षाच्या मर्यादेतून त्या तिमाहीपोटी १.२५ रेम, म्हणजे १२.५ मिलीसिव्हर्ट वजा करायचे. कागद हरवला तर डोस जास्तीच्या बाजूनं धरतात.

टाकळीकर, सीटीचं तुमचं बरोबर आहे, पोटाच्या स्कॅनला ८-१० मिलीसिव्हर्ट सहज जातात. पण ते उपचारासाठी, तुमच्या फायद्यासाठी घेतलेलं. कामाच्या डोसात ते धरत नाहीत, फिटरनं उद्या स्कॅन काढला तरी धरणार नाहीत. म्हणूनच स्वतःचा एक्सरे काढताना बिल्ला काढून ठेवायचा असतो.

फिटर, एक विचारायचं राहिलं. लघवीची बाटली द्यायला लावायचे का?

---

विडीघरकुलचा_फिटर

काका, जीवात जीव आला. होय, बाटली द्यायचो. पहिल्या वेळी आठवड्याला एकदा, एका कामानंतर लागोपाठ तीन दिवस. आम्हाला वाटायचं दारूची तपासणी आहे. दोघं तिघं त्या भीतीनं शनिवारी प्यायचे नाहीत.

---

निवृत्त_एचपी

हा गैरसमज प्रत्येक केंद्रावर असतो आणि आम्हीही तो फारसा दूर करत नव्हतो, शिस्त राहते म्हणून!

ती ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची तपासणी. आपली बहुतेक केंद्रं जड पाण्यावर चालतात. त्या पाण्यातलं ड्युटेरियम न्यूट्रॉन गिळतं आणि ट्रिटियम तयार होतं. पाणी कुठं झिरपलं की वाफेबरोबर ते श्वासातून आणि कातडीतून आत जातं. त्याचे बीटा कण इतके दुबळे की बिल्ल्याला काही कळतच नाही. लघवीतच सापडतं. शरीरातून साधारण दहा दिवसांत निम्मं बाहेर पडतं, म्हणून भरपूर पाणी, ताक प्या असं सांगतात. कर्नाटकातल्या कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमचं पाणी गेलं होतं, पन्नासहून जास्त माणसांच्या पोटात गेलं. ते उघडकीला आलं ते या बाटल्यांमुळंच.

तेव्हा कागद मागताना 'टीएलडीचा डोस' एवढंच लिहू नकोस. 'बाह्य आणि अंतर्गत मिळून एकूण डोस, दोन्ही वेगळे दाखवून' असं लिही. नाव गेटपासवर होतं तसंच्या तसं, वडिलांचं नाव, जन्मतारीख, टीएलडी नंबर, दोन्ही कॉन्ट्रॅक्टरची नावं, कामाच्या तारखा. गेटपासची झेरॉक्स. केंद्राच्या हेल्थ फिजिक्स युनिटला स्पीड पोस्टनं पाठव, पावती जप. महिनाभर उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते आणि ३० दिवसांची मुदत असते. तू स्वतःचीच माहिती मागतोयस, कुणाची गुपितं नाही.

---

कॅथलॅबवाली_ताई

मी अणुकेंद्रातली नाही, इथंच एका खासगी दवाखान्यात कॅथलॅब (एक्सरेखाली अँजिओग्राफी करतात ती खोली) टेक्निशियन आहे. पण बिल्ला माझ्याही छातीवर असतो म्हणून लिहिते. दादा, नावाची भानगड आधी तपासा.

मी सोलापुरात यायच्या आधी दुसऱ्या शहरात पाच वर्षं काम केलं. तिथल्या यादीत माझं नाव माहेरचं, आडनाव आधी. इथं फॉर्म भरला तो आधारप्रमाणं, सासरचं, नाव आधी. आमच्या आरएसओ (रेडिएशन सुरक्षा अधिकारी) सरांनी जुना टीएलडी नंबर विचारला, मला तो माहीतच नव्हता. दर तीन महिन्यांनी बिल्ला बदलून यायचा, मी कोटाला लावायचे, त्यावरचा नंबर कधी वाचला नव्हता. शेवटी जुन्या दवाखान्यातल्या एका मैत्रिणीनं रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला तेव्हा नंबर मिळाला. नाहीतर मी कागदोपत्री दोन बायका होते, दोघींनाही अर्धा अर्धा डोस.

आणि चुकीचा डोस लागला तर तोही खोडून घ्यावा लागतो, बरं का. एकदा माझा लेड एप्रन बिल्ल्यासकट कॅथलॅबमध्येच टांगून राहिला. शनिवार, रविवार आणि सोमवारच्या सगळ्या केसेस बिल्ल्यानं बघितल्या, मी गावी होते. तिमाहीचा रिपोर्ट आला तो असा की सरांनी मला खुर्चीवर बसवूनच दाखवला. मग विचारणा आली, मी जबाब लिहून दिला, रजेचा अर्ज जोडला, त्या दिवशीची केसची यादी जोडली. तो डोस माझा नाही हे मान्य झालं. पण रजेचा अर्ज तोंडी दिला असता तर? तेव्हापासून बिल्ला एप्रनच्या आत, छातीवर, आणि घरी जाताना ठरलेल्या खिळ्याला. घरातल्यांना वाटतं मी खिळ्याला हळदकुंकू वाहते.

---

रात्रीची_आरटी

निवृत्त काका, तुमच्यासारखे लोक आमच्या लाईनमध्ये नाहीत हीच अडचण.

मी इंडस्ट्रियल रेडिओग्राफर, म्हणजे वेल्डिंगचे जॉइंट तपासायला रेडिएशननं त्यांचे फोटो काढणारा. बॉयलरच्या ट्यूबा, स्टीम लाईन, थर्मल प्लँटचे जॉइंट. सगळं रात्री, दुसरी माणसं नसताना. दोरी बांधायची, दिवा लावायचा, क्रँक फिरवून इरिडियमचा किरणोत्सारी सोर्स डबीबाहेर काढायचा, फिल्म झाली की आत. मी तीन एजन्स्या बदलल्या. माझ्याकडं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये प्रत्येक तिमाहीची झेरॉक्स आहे, नव्या एजन्सीत पहिल्या दिवशी टेबलावर ठेवतो.

पण मी हेल्पर होतो तेव्हाचं काय? एका साखर कारखान्यावर अठरा रात्री काढल्या, बॉयलरचं काम होतं. एजन्सीनं मला बिल्लाच दिला नव्हता. "तू काय, नुसती दोरी धरतोस." दोरी धरतो म्हणायचे आणि फिल्म चिकटवायला मलाच पाठवायचे. दोनदा असं झालं की मी पाईपशी असताना सर्व्हे मीटर (रेडिएशन दाखवणारं यंत्र) ओरडला. सोर्स पूर्ण आत गेला नव्हता. किती सेकंद, आठवत नाही. त्या अठरा रात्री कुठल्याच वहीत नाहीत. फॉर्मवर मी काय लिहायचं? मी आजवर काहीच लिहिलं नाही.

---

निवृत्त_एचपी

आरटी, लिही. 'बिल्ल्याशिवाय काम केले' हेच लिही, कारखाना, महिना, रात्री.

हे काढता येतं, अगदी बिनचूक नाही, पण काढता येतं. एजन्सीला सोर्सच्या वापराचं लॉगबुक ठेवावंच लागतं. सोर्स कुठल्या तारखेला किती क्युरीचा (किती ताकदीचा) होता ते त्यात सापडेल. इरिडियम-१९२ हा ७४ दिवसांत अर्धा होतो, त्यामुळं तारीख कळली की त्या रात्रीची ताकद मांडता येते. मग अंतर आणि वेळ. तू पाईपपासून किती हातांवर होतास, मीटर ओरडल्यापासून दोरीबाहेर यायला किती पावलं लागली. सेकंद आठवत नसतील, पण जागा आठवत असेल ना? त्या जागी चालून बघ, घड्याळ लाव. आम्ही घटनेनंतर असंच करायचो. माणसाला रिकाम्या खोलीत पुन्हा तेच काम करायला लावायचो, पाना हातात देऊन.

हातांचंही लिही. छातीवर बिल्ला असता तरी बोटांना किती बसलं ते त्याला कळलं नसतं. बोटांवर कधी लाली, फोड आले होते का? आले असतील तर डॉक्टरकडं जाताना हा इतिहास सांग.

आणि टाकळीकर परत येऊन 'एवढ्यातेवढ्यानं काय होतं' म्हणतील म्हणून आधीच सांगतो. थोड्या थोड्या डोसानं नेमकं काय होतं हे कळलंच मुळी अशा वह्यांमुळं. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ३ लाखांहून जास्त अणुकामगारांच्या नोंदी जोडून एक मोठा अभ्यास झाला, इनवर्क्स नावाचा. २०२३ मध्ये त्याचा ताजा हिशोब आला. डोस वाढेल तसा कॅन्सरनं मरण्याचा धोका थोडाथोडा वाढतो, हे त्यात दिसलं. एकेका माणसाच्या पातळीवर ती वाढ बारीक आहे, ५ मिलीसिव्हर्टला घाबरून घरी बसावं अशी अजिबात नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी कुणी तरी कंटाळा न करता आकडे लिहिले म्हणून हे बोलता येतं. त्यातल्या किती जणांनी बिल्ला पाईपला अडकवला होता, देव जाणे.

---

विडीघरकुलचा_फिटर

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय. कागद आला!

माहितीच्या अधिकारापर्यंत जावं लागलं नाही. पण ताई म्हणाल्या तेच निघालं. पहिल्या वेळी कॉन्ट्रॅक्टरनं माझं आडनाव आधी टाकलं होतं आणि वडिलांच्या नावात 'सि'च्या जागी 'शि'. दुसऱ्या वेळी बरोबर. त्यामुळं माझे दोन टीएलडी नंबर झाले होते. तिथल्या साहेबांनी फोन करून जन्मतारीख आणि आयटीआयच्या दाखल्यावरचं नाव विचारलं, मग दोन्ही जोडले.

पहिल्या वेळचे बाह्य ३.४. माझी डायरी ३.१ म्हणत होती. अंतर्गत ०.७, ते लागोपाठ तीन बाटल्यांचं काम असणार. दुसऱ्या वेळचे बाह्य १.७, अंतर्गत ०.१. एकूण ५.९ मिलीसिव्हर्ट. डायरीच्या बेरजेहून ०.९ जास्त, आणि त्यातले ०.८ बिल्ल्यालाही दिसले नव्हते. काकांनी बाटलीचं विचारलं नसतं तर मी अंतर्गत मागितलंच नसतं.

फॉर्मवर ५.९ लिहिलं आणि कागदाची झेरॉक्स जोडली. सुपरवायझर म्हणाला, "तुझी मर्जी," आणि मला पहिल्या तुकडीतून काढून दुसऱ्या तुकडीत टाकलं. नऊ दिवस गेले. पत्रे यंदा निम्म्याच घरावर पडतील. राग आला होता, नाही असं नाही.

आईला कागद दाखवला. तिला आकडे कळले नाहीत. तिनं आधी शिक्का आहे का बघितलं, मग आपल्या ब्रँचच्या पुस्तकाच्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवला. म्हणलं, मला लागेल तो. म्हणाली, झेरॉक्स ने.

काका, शेवटचं. त्या पाईपवाल्या मित्राला हे सगळं सांगितलं. त्यानं माझ्या पत्राचा नमुना मागितलाय. तोही त्याच तुकडीत येणार आहे. त्याचा कागद आला तरी त्यात त्याचे खरे दिवस नसणार. तो विचारतोय, आता ते सांगितलं तर कामावरून काढतील का?

---

निवृत्त_एचपी

ओरडा बसेल. काढतील की नाही हे मी इथं बसून सांगू शकत नाही, खोटं आश्वासन देणार नाही.

त्या दिवसांत खिशात डबी होती का त्याच्या, की तीही पाईपला? डबी खिशात असेल तर तिची नोंद शिफ्टच्या रजिस्टरमध्ये सापडेल. तीही पाईपला असेल तर त्याच्याबरोबर त्याच कामावर असलेल्यांचे डोस बघून अंदाज काढतात. म्हणजे तुझाच कागद त्याच्या कामाला येईल. तुम्ही चौघं त्या आठ बोल्टांवर होतात ना? कोण किती वेळा आत गेला ते तुझ्या डायरीत आहे का बघ.